मागून टीव्ही पाहणारे उस्ताद

जाहिरात लागली की उस्ताद खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करायचे. सामना कितीही रंगात असो, दोन चेंडूंत सहा धावा हव्या असोत, जाहिरात सुरू झाली की खुर्ची कर्रकन फिरायची आणि ते आमच्याकडे पाहत बसायचे. म्हणजे आम्हा सात-आठ जणांच्या तोंडांकडे. कोणी नवीन कामाला लागलेलं असलं की ते अवघडायचं. मग मारेगावची मनीषा सांगायची, "घाबरू नको व. उस्ताद टीव्ही पाहून राह्यले."

ते खरंच होतं. आर्णीला त्यांचं तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. जुन्या डबा टीव्हीचं काम मागून करावं लागे. मेकॅनिक मागे, चित्र पुढे. चित्र नीट आलं का, हे मेकॅनिकला दिसायचं नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला दिसायचं. पण विचारलं तर गिऱ्हाईक "आलं, आलं" म्हणून मोकळं होतं, कारण त्याला घरी जायची घाई असते. म्हणून उस्ताद विचारत नसत. टीव्हीच्या वरून मान काढून चेहरा पाहत. कपाळ सैल पडलं की चित्र आलं. भुवई अजून वर आहे, म्हणजे रंग फिका आहे.

"सर, मी जिंदगीभर टीव्ही मागून पाह्यला," असं ते म्हणायचे. तक्रार म्हणून नाही. एखादा माणूस आपण अमुक शाळेत शिकलो म्हणून सांगतो, तसं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण घरी सांगितलं तर माझ्या बायकोलाही ते अजून पटलेलं नाही. यवतमाळला लागून लोहारा आहे, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाच्या वर आमचा हॉल. भिंतीवर मोठा टीव्ही, खाली संगणक. क्रिकेटचा सामना चालू असताना जाहिराती लागतात. जाहिरात लागल्यावर पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत लोक मोबाईलवर तिच्याबद्दल जे लिहितात ते आमच्या पडद्यावर येऊन पडायचं. आम्ही ते वाचायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं. आवडली. नाही आवडली. चेष्टा. काही नाही. मुंबईच्या एका कंपनीचं हे काम. त्यांच्याकडे यंत्र होतं, पण आपल्याकडच्या माणसानं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या वऱ्हाडीत लिहिलेलं त्या यंत्राला कळत नसे. म्हणून माणसं लागत. मी त्या माणसांचा सुपरवायझर.

उस्ताद आमच्याकडे आले ते टीव्ही दुरुस्त करायला. भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे हात घालून ते उभे होते आणि सवयीनं आमच्याकडे पाहत होते. माझ्या पडद्यावर एकानं लिहिलेलं होतं: 'मस्त जाहिरात. आता पोराले हेच पाह्यजे.' महागड्या बुटांची जाहिरात होती. मी ते मोठ्यानं वाचलं आणि 'आवडली' म्हणत बटण दाबलं.

"सर, चुकलं," टीव्हीमागून आवाज आला. "हा बाप हाय. याले कायची आवडते? रडकुंडीले आला बिचारा."

मी पुन्हा वाचलं. बाप होता खरा.

चार दिवसांनी मी त्यांना सामन्याच्या दिवसांपुरतं कामावर घेतलं; बाकीचे दिवस त्यांचं दुकान. साठीला आलेला माणूस, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, खिशाला टेस्टर. संगणकाचा माउस ते टेस्टरसारखा धरायचे. पण मजकूर मोठ्यानं वाचायचे आणि वाचताना आवाज बदलायचा. लिहिणारा तरणा असला तर तरणा, बाई असली तर बाई. 'वा रे वा' हे दोन जणांनी लिहिलेलं असलं तर एकाला 'आवडली' आणि दुसऱ्याला 'चेष्टा'. कसं कळलं विचारलं तर म्हणायचे, "पह्यला हसून लिवते. दुसरा दात दाबून लिवते. तुमाले आवाज येत नाही का?"

आम्हाला येत नव्हता. महिना-दोन महिन्यांत थोडा थोडा यायला लागला.

त्यांचं लाडकं बटण 'काही नाही'. मुंबईवाल्यांना ते बटण आवडत नसे. एकदा व्हिडिओ कॉलवर तिथल्या मॅडमनी विचारलं, की एका साबणाच्या जाहिरातीवर तुमच्या केंद्रातून काहीच का येत नाही? मी गोलगोल उत्तर देत होतो, तेवढ्यात उस्ताद मागून पुढे झाले. "मॅडम, ते जाहिरात लागली की लोक हलके व्हायले जाते."

मॅडमना कळलं नाही. "मतलब?"

"मतलब बाथरूम, मॅडम."

मनीषा टेबलाखाली गेली. मला वाटलं, गेलं काम. पण मॅडम हसल्या आणि पुढच्या कॉलपासून 'वो उस्ताद हैं क्या?' असं आधी विचारायला लागल्या. मनीषाला ते बेटी म्हणायचे. ती त्यांची टर उडवायची, "उस्ताद, त्या पंचाचं तोंड पाहून सांगा ना, आऊट देते का नाही." ते खरंच सांगायचे. बऱ्याचदा बरोबर यायचं.

एकदा मी विचारलं, घरी बायकोचाही चेहरा असाच वाचता का?

"तोबा! घरी कायले वाचू? इश्वासाच्या माणसाचा चेहरा वाचला तर मंग इश्वास कायचा?"

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढचं वाचताना तुम्हाला प्रश्न पडेल, की एवढा चेहरा वाचणारा माणूस, याला समोरच्या सरांचं तोंड कसं कळलं नाही? मलाही तो प्रश्न खूप दिवस पडला होता. त्याचं उत्तर हे आहे.

आता तो रविवार.

दुपारचा सामना होता. मुंबईवाल्यांना कोणालातरी दाखवायला आमच्या केंद्राचा छोटा व्हिडिओ हवा होता, म्हणून मी मोबाईल घेऊन हॉलमध्ये फिरत होतो. टीव्हीची वायर ढिली झाली होती. उस्ताद पडद्याच्या अगदी पुढे, हातभर अंतरावर, वाकून ती बसवत होते. खुर्चीत असते तर त्यांनी पाठ फिरवली असती. त्या दिवशी ते उभे होते आणि तोंड टीव्हीकडे होतं. तेवढ्यात जाहिरात लागली.

नव्या टीव्हीची जाहिरात. तुम्ही पाहिली असेल. एक घर, सगळे नाचताहेत, आणि जुना डबा टीव्ही गच्चीच्या कठड्यावर ठेवून खाली ढकलतात. टीव्ही पडू लागतो. आमचा पडदा मोठा, तो टीव्ही उस्तादांच्या डोक्याएवढ्या उंचीवरून खऱ्याएवढा खाली येताना दिसला.

"अबे थांब! ट्यूब हाय त्याच्यात! फुटन ना बे!"

आणि दोन्ही हात पसरून ते पडद्यावर धावले. छाती भिंतीला आपटली, टोपी उडाली. हात तसेच पुढे, मूल झेलायला धरावेत तसे. जाहिरातीतला टीव्ही त्यांच्या हातांतून खाली गेला आणि त्यातून रंगीत फुगे उडाले.

हॉल हसून लोळला. उस्तादही हसले. टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली, पाणी प्यायले. मनीषा एकटी हसली नाही. तिनं त्यांना खुर्ची दिली.

माझ्या मोबाईलमध्ये ते सगळं आलं होतं. अकरा सेकंद.

आता मी जे सांगणार आहे ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. आमच्या कामासाठी एक बिननावाचं खातं होतं, लोक काय लिहितात ते पाहायला. त्यावरून कोणी कधी काही टाकत नसे; टाकायचंच नाही असा नियम होता, आणि तो नियम नवीन माणसाला समजावून सांगणारा मीच. मोजणाऱ्यानं तराजूला हात लावायचा नाही, असं मी म्हणायचो. त्या दुपारी जिन्यात उभं राहून मी त्या खात्यावरून ते अकरा सेकंद टाकले. वर लिहिलं, 'जाहिरातीतला टीव्ही झेलायला धावले चाचा', आणि पुढे हसऱ्या तोंडाच्या तीन खुणा.

का टाकलं? कंपनीच्या फायद्यासाठी, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी सात वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत होतो. कुणाच्या एका ओळीवर हजार माणसं हसलेली पाहत होतो. मी काही टाकलं तर माझा साडू आणि शाळेतला एक मित्र सोडून कोणी पाहत नसे. मला एकदा पाहायचं होतं, की आपण टाकलेल्यावर किती हसतात. एवढंच. आणखी काही नाही.

संध्याकाळपर्यंत मी दर पाच मिनिटांनी मोबाईल काढून पाहत होतो. आकडा पळत होता. मला आनंद झाला, हेही लिहितो.

सोमवारी सामना सुरू झाला, तीच जाहिरात लागली, उस्तादांनी खुर्ची फिरवली, आमचे चेहरे पाहिले आणि परत फिरून वाचायला बसले. पडद्यावर पहिलंच आलं ते त्यांचंच तोंड. कोणीतरी त्या अकरा सेकंदांना ढोल लावला होता. दुसऱ्यात त्यांच्या हातात जाहिरातीतल्या टीव्हीऐवजी नवरी पडत होती. तिसऱ्यात एक जाडा फलंदाज.

ते बराच वेळ पाहत होते.

"सर," ते म्हणाले, "हा मीच हाय ना?"

मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "हो, दिसतंय खरं. कोणी टाकलं असेल?"

हे वाक्य मी असं सहज बोललो. घसा खाकरावा लागला नाही, काही नाही.

उस्तादांनी माउस धरला. "लोक हसून राह्यले. जाहिरात आवडली त्याइले. मंग 'आवडली' दाबू ना?"

"उस्ताद, राहू द्या. हे मनीषा पाहील."

"काहून? काम हाय ना." आणि त्यांनी दाबलं. मग पुढचं. मग पुढचं. त्या संध्याकाळी त्यांच्या पडद्यावर तेच येत राहिलं आणि ते मोठ्यानं न वाचता 'आवडली', 'आवडली' दाबत राहिले. मध्येच हात थांबला. मी वाकून पाहिलं. एकानं त्यांच्या टोपीवरून आणि दाढीवरून लिहिलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. असे बरेच होते. मनीषा म्हणाली, "उस्ताद, हे 'नाही आवडली'त टाका. नाही तर मले द्या, मी याच्या मायले..."

"गप बेटी. हे जाहिरातीबद्दल नाही." आणि त्यांनी 'काही नाही' दाबलं.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "सर, हे काढता येते काय?"

"ज्यानं टाकलं त्यालाच काढता येतं," मी म्हटलं. खरं ते तेवढंच बोललो.

"मंग शोधा ना. तुमाले जमते. आर्णीत मले लोक उस्ताद म्हनते. गिऱ्हाईक हासलं तर हासलं, पन आमच्या घरी..." ते थांबले. "आपल्यातला तं कोनी नाही टाकनार. आपल्यातल्याइले मालूम हाय मी कायले धावलो."

आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चहाच्या टपरीवर त्यांनी एकदाच सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. दुकान नवीन असताना एक गिऱ्हाईक सायकलच्या कॅरिअरला टीव्ही बांधून घेऊन आलं. दोरी सुटली. उस्तादांचा धाकटा भाऊ पुढे झाला, टीव्ही त्याच्या पायाशी पडला आणि आतली काचेची ट्यूब फुटली. ती नुसती फुटत नाही, आतल्या पोकळीमुळे स्फोट होतो. भावाचा डावा डोळा गेला. उस्ताद तेव्हा टेबलामागे होते, चार पावलांवर. पोहोचले नाहीत. त्यानंतर दुकानात आलेला प्रत्येक टीव्ही ते रस्त्यावर जाऊन गिऱ्हाइकाच्या हातातून स्वतः घ्यायचे.

ते माझ्याशी बोलत होते तेव्हा मोबाईल माझ्या शर्टाच्या खिशात होता. काढायला दोन वेळा बोट लावायचं होतं.

मी म्हटलं, "शोधतो."

मुंबईहून त्याच संध्याकाळी निरोप आला होता, की या मोसमात कुठल्याच जाहिरातीला एवढी प्रतिक्रिया आलेली नाही, तुमच्या केंद्रानं ती पहिल्यांदा पकडली, शाबास. बुधवारी पुन्हा सामना होता. मी ठरवलं, बुधवार होऊ द्यावा. असं ठरवताना मी काय विचार केला ते आठवायचा प्रयत्न करतो, तर विचार असा काही आठवतच नाही. खिशावर हात ठेवून जेवलो, झोपलो.

गुरुवारी सकाळी काढला. तोवर काय, तुम्हाला माहीत आहे. आपण टाकलेली गोष्ट आपण काढली की आपल्याच घरातली एक प्रत जाते. ढोलाची, नवरीची, जाड्या फलंदाजाची, कुठल्या कुठल्या भाषांतली, त्या सगळ्या लोकांच्या घरी राहतात. मी एकेकाला लिहिलं, 'कृपया काढा, हे आमचे ज्येष्ठ सहकारी आहेत'. एकानं उत्तर दिलं, 'चाचांना सांगा, झेला'.

आर्णीत तेच सुरू झालं. बसस्टँडवर उतरले की कोणीतरी "झेल उस्ताद!" म्हणून काहीतरी फेकायचं. रिकामा खोका. पेरू. चपलेची पेटी. शाळकरी पोरं असती तर उस्तादांना काही वाटलं नसतं; बाप्ये फेकायचे, ज्यांचे टीव्ही त्यांनी दुरुस्त केले होते ते. दुकानात माणसं जुना टीव्ही घेऊन यायची आणि दारात पाय अडखळल्याचं नाटक करायची.

एका शुक्रवारी ते लोहाऱ्याला उशिरा आले. डाव्या हाताच्या करंगळीला सूज होती.

"हेल्मेट फेकलं एकानं," ते म्हणाले. "चालत्या मोटरसायकलवरून."

"आणि?"

"आनि काय, झेललं." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "टाळ्या वाजवल्या सर लोकाइनं. मले त्याचंच वाईट वाटलं. मी ठरवलंतं नाही झेलनार म्हनून. हात आपोआप जाते ना."

नंतर विचारलं, "लागला का पत्ता?"

मी मान हलवली. नाही.

दर आठवड्याला ते असं एकदा विचारायचे. मग आठवड्याला विचारणं बंद झालं, मग त्यांचं येणंच बंद झालं. मनीषानं एक दिवस माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "सर, आपल्या हॉलमधला व्हिडिओ बाहेर गेलाच कसा? त्या दिवशी मोबाईल कोनाच्या हातात होता?" मी म्हटलं, "कामाचं बोल." ती माझ्याकडे बघत राहिली. उस्तादांनी शिकवलेलं ती विसरली नव्हती. महिन्याभरात तिनं दुसरीकडे नोकरी धरली आणि जाताना सगळ्यांना पेढा दिला, मला सोडून.

मग मुंबईचा फोन आला. त्या टीव्ही कंपनीला पुढची जाहिरात 'चाचां'ना घेऊन करायची होती. खरेखुरे चाचा, खरंच झेलणार, वरून पडणारा नवा टीव्ही. त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे.

मी स्कूटरनं आर्णीला गेलो. रस्ताभर ठरवत होतो की आज सांगून टाकायचं. कसं सुरू करायचं ते वाक्यही तयार केलं होतं.

दुकान बंद होतं. महिना झाला शटर ओढून, असं शेजारच्या टेलरनं सांगितलं. घरी गेलो. दार भावानं उघडलं. पन्नाशीचा माणूस, डावी पापणी मिटलेली. "या सर," तो म्हणाला, "भाई तुमचं लय नाव काढते. सर शोधून राह्यले म्हने त्या मानसाले."

माझं तयार केलेलं वाक्य तिथंच गेलं.

उस्ताद खाटेवर बसले होते. थोडे वाळलेले. मी जाहिरातीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाऊ चहा घेऊन आला आणि उभाच राहिला.

"पैसे चांगले देते का?" भावानं विचारलं.

"चांगले देतात," मी म्हटलं.

"मंग त्याच्यात माह्या डोळ्याचं सांगता येईन का? दोन शब्द. भाई कायले धावला ते."

मी चहाचा कप उचलला. उस्ताद म्हणाले, "नाही रे. ते हासायची जाहिरात हाय." मग माझ्याकडे वळून, "सर, जाहिरात राहू द्या. एक काम करा. माहं बोलनं घ्या मोबाईलमधी, आनि टाका. ते अकरा सेकंद लोकाइनं पाह्यले, हे चार मिनिटं पाहतीन. एकदा कळलं की बंद होते सगळं. लोक वाईट नाही सर, त्याइले मालूम नाही."

त्यांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला. दाढीवर हात फिरवला. मी समोर स्टुलावर बसलो. ते म्हणाले, "मी मोबाईलकडे पाहून नाही बोलू शकत. तुमच्याकडे पाहून बोलतो. तुमच्या चेहऱ्यावरून मले समजन, बरोबर चाल्लं का नाही."

मी मोबाईल दोन्ही हातांनी वर उचलला आणि चेहऱ्यासमोर धरला.

ते छान बोलले. ट्यूब म्हणजे काय, ती का फुटते, टीव्ही फेकायचा असेल तर कसा फेकू नये, कुठं द्यावा. मग सायकल, दोरी, भाऊ. भावाला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला. शेवटी म्हणाले, "मी चार पावलांवर होतो. पोचलो नाही. म्हनून आता हात जाते. तुमी हासा, पन हे मालूम असू द्या." चार मिनिटं आणि थोडे सेकंद. मी काही कापलं नाही.

त्याच बिननावाच्या खात्यावरून टाकलं. मुंबईला पाठवलं, 'खूप भावस्पर्शी, पण लांब आहे' असं आलं. ज्यांनी ढोल लावला होता त्यांना पाठवलं. वर्तमानपत्रातल्या एका ओळखीच्याला पाठवलं. वीस-पंचवीस जणांनी पाहिलं, त्यात चार-पाचदा मीच. एकानं खाली लिहिलं, 'चाचा आता काय झेलणार?' मी ते पुसलं.

पाचव्या दिवशी उस्तादांचा फोन. "सर, आलं काय काही?"

"आलं ना," मी म्हटलं. "पुसदच्या एका माणसानं लिहिलंय. थांबा वाचतो. 'उस्ताद, तुमची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आम्ही हसलो त्याबद्दल माफ करा.'"

"भावाले ऐकवू का? पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. भावानंही ऐकलं. मागून "अल्ला भला करो त्याचं" असं ऐकू आलं.

मग मी रोज एक तयार ठेवू लागलो. दिग्रसच्या एका बाईंचं, की आमचाही जुना टीव्ही तुम्ही सांगितलं तसा भंगारवाल्याला नीट दिला. वणीच्या एका शिक्षकाचं, की मी वर्गात मुलांना दाखवलं. आयुष्यात मी मन लावून लिहिलेलं असं तेवढंच. ते ऐकायचे, विचारायचे, "हा कोन असन? वय काय वाटते?" आणि मी सांगायचो.

नवव्या की दहाव्या दिवशी मी वाचून संपवलं, पण त्यांनी वय विचारलं नाही.

"उस्ताद?"

"सर, हे तुमी लिवता ना?"

उद्याचं लिहिलेलं माझ्यासमोर तयार होतं.

"पुसदवाला, दिग्रसची बाई, वनीचे मास्तर. तिघंबी एकाच आवाजात बोलते. कोनी शिवी नाही देल्ली, कोनी मधातच दुसरं नाही काढलं, कोनाचं लिवनं चुकलं नाही. लोक इतकं चांगलं नाही लिवत सर." आवाजात राग नव्हता, उलट समजूत होती. "नका लिवू. भावाले मी नाही सांगत. तुमी आमच्यासाठी इतकं केलं, मले ते बी खूप हाय."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी आजही गप्प असतो, याची मला खात्री आहे.

"उस्ताद," मी म्हटलं, "पहिलाही मीच टाकला होता."

"कोनता पह्यला?"

"अकरा सेकंदांचा."

त्यांच्याकडून पंख्याचा आवाज येत होता. कोणीतरी अंगणात बादली ठेवली. मी मोबाईल कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखत होता. माफी मागायचे शब्द मी आणले होते, ते बाहेर पडले का नाही हे मला आता सांगता येणार नाही. बहुतेक नाही.

"मी सोमवारी तुमाले म्हनलं होतं, शोधा म्हनून," ते सावकाश म्हणाले. बिघडलेल्या टीव्हीचा गिऱ्हाइकाला एकेक प्रश्न विचारावा तसं. "तवा काढला असता, तर थांबलं असतं का?"

खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. तोवर पसरला होता, आता काय, असं म्हणता आलं असतं.

"सगळं नाही," मी म्हटलं. "पण बरंचसं थांबलं असतं. हो."

"बरं," ते म्हणाले.

मी फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही.

"ठेवतो सर," शेवटी तेच म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात. "दुकानात गिऱ्हाईक आलं."

शटर ओढल्याला तोवर दीड महिना होत आला होता. जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला दिल्याचं त्यांनी स्वतःच मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

"हो, हो," मी म्हटलं. "पाहा तुम्ही गिऱ्हाईक."